वेचणाऱ्या बोटांची मालकी

विज्ञानकथेत मेंदूत यंत्र बसवलेला माणूस भेटतो तो बहुतेक वेळा सैनिक असतो, नाहीतर वैमानिक. नुसतं मनात आणलं की त्याची बंदूक रोखली जाते, यान वळतं, दूरवरचा यंत्रमानव चालू लागतो. मराठी कथांतही हा माणूस प्रयोगशाळेत सापडतो, नाहीतर थेट परग्रहावर. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, काळ्या रानात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन तासांमध्ये (ओळींमध्ये) वाकून उभी असलेली बाई अशा कथेची नायिका आहे, असं मी अजून वाचलेलं नाही. ती कथा लिहिली गेली पाहिजे, आणि तिच्यातला प्रश्न कथेबाहेरही विचारला गेला पाहिजे. मेंदूतून हाताची हालचाल वाचून घेण्याचं तंत्र आज मूठभर रुग्णांपुरतं आहे. उद्या ते स्वस्त झालं की ज्यांच्या हातात कसब आहे आणि घरात पैसा नाही अशा माणसांच्या दारात येईल, आणि त्यांच्याकडून काहीतरी घेऊन जाण्यासाठी येईल. तेव्हा त्या बाईच्या बोटांतलं कसब कोणाच्या मालकीचं? माझ्या मते ते तिचंच आहे, आणि ते कायमचं विकत घेण्याचा हक्क कोणालाही असता कामा नये. हे कायद्याने आजच लिहून ठेवावं, असं माझं म्हणणं आहे.

आधी हे कसब डोक्यात कुठे असतं ते पाहू. एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत बोट फिरवलं तर त्या रेषेच्या आसपास, कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेरच्या थराचा एक पट्टा आहे. हा मोटर कॉर्टेक्स. हात उचल, मूठ वळ, पाय टाक, हे हुकूम इथून सुटतात. इथले तंतू खाली उतरतात, मेंदूच्या देठाशी त्यांतले बहुतेक बाजू बदलतात आणि मज्जारज्जूतून पुढे जातात. तिथून दुसऱ्या पेशी तो निरोप स्नायूंपर्यंत नेतात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग लुळं पडतं.

१८७० साली गुस्ताव फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघा जर्मन संशोधकांनी कुत्र्याच्या मेंदूच्या या भागाला विजेचा हलका झटका दिला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. पुढे मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यविशारद मिरगीच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना मेंदूच्या जागा एकेक करून चाचपत. रुग्ण जागे असत, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही. १९३७ मध्ये त्यांनी आणि एडविन बोल्ड्री यांनी या पट्ट्याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात पाठीपोटाच्या वाट्याला चिमूटभर जागा आहे, आणि अंगठा, बोटं, ओठ, जीभ यांनी मोठा भाग व्यापलेला आहे. शरीराचा जो भाग जितकं बारीक काम करतो तितकी त्याची जागा मोठी. २०२३ मध्ये या नकाशात एक महत्त्वाची भर पडली: पाय, हात आणि तोंड यांच्या जागांच्या मधेमधे असे भाग सापडले जे एका अवयवापेक्षा सबंध कृतीच्या आखणीशी जोडलेले आहेत. शंभर-दीडशे वर्षं पाहिलेल्या जागेतही नवीन सापडतंच आहे.

पेनफिल्ड यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला या सगळ्यात फार मोलाची वाटते. विजेच्या टोचणीने रुग्णाचा हात हलला की रुग्ण म्हणत, हा मी हलवलेला नाही, तुम्ही हलवलात. हात त्यांचा, स्नायू त्यांचे, मेंदूही त्यांचाच. तरी हुकूम दुसऱ्याचा असल्यामुळे ती हालचाल त्यांना आपली वाटली नाही. आता हेच उलट बाजूने विचारा. हुकूम माझ्या मेंदूतून निघाला, पण हात कंपनीच्या यंत्राचा आहे. ती हालचाल कोणाची? रुग्णांच्या साक्षीवरून पाहिलं तर माझीच. आपल्या कायद्याला मात्र हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

हुकूम वाचता कसे येतात, तेही थोडक्यात. १९८० च्या दशकात अपोस्टोलोस जॉर्गोपोलस यांनी माकडांच्या मोटर कॉर्टेक्समधल्या पेशी तपासल्या. प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते, हात त्या दिशेला जाणार असला की ती जोरात चेतते आणि दुसऱ्या दिशेला निघाला की मंदावते. एकट्या पेशीवरून काही ठरत नाही. ग्रामसभेत हात वर करून मोजणी होते तशी शेकडो पेशींची बेरीज घेतली की हात कुठे चालला ते कळतं. यंत्र हीच मोजणी करतं. २००४ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मोटर कॉर्टेक्समध्ये ९६ इलेक्ट्रोडची, म्हणजे पेशींचे विजेचे संकेत टिपणाऱ्या बारीक टोकांची, इवलीशी चकती बसवली गेली. चाकूहल्ल्यात मज्जारज्जू तुटल्यामुळे त्याचे हातपाय लुळे पडले होते, मात्र हुकूम देणारा पट्टा शाबूत होता. त्याने नुसत्या विचाराने पडद्यावरचा बाण हलवला, कृत्रिम हाताची मूठ उघडली आणि मिटली. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने १०२४ इलेक्ट्रोडचं यंत्र पहिल्यांदा माणसात बसवलं. वीस वर्षांत इलेक्ट्रोडची संख्या दहापटीहून जास्त झाली. पुढची वीस वर्षं कशी जातील याचा अंदाज करणं हे विज्ञानकथाकाराचं काम, म्हणून मी कथेकडे वळतो; आधी तिची जागा पाहू.

वेचणीच्या दिवसांत बांधावर न थांबता तासात शिरून पाहा. बोंड उकललं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी उभी राहतात. वेचणारी बाई अंगठा आणि दोन बोटं त्या टोकांच्या आत घालते, सगळे पोल, म्हणजे बोंडातले कापसाचे पुंजके, एकदम चिमटीत धरते आणि मनगटाला हलकासा पीळ देऊन एका ओढीत बाहेर काढते. पाल्याचा चुरा कापसाला लागत नाही, बोंडाची साल तुटून येत नाही. उजवा हात कमरेच्या ओटीत कापूस टाकतो तोवर डावा पुढच्या बोंडात गेलेला असतो आणि डोळे त्याच्याही पुढच्यावर. किडीने पिवळी पडलेली कवडी, म्हणजे खराब कापूस, बोटं चालता चालता वेगळी काढतात. नखांच्या कडेला बारीक चिरा पडतात, संध्याकाळी त्यांत खोबरेल भरतात. एका मावशींना विचारलं, "नजर दुसरीकडे असताना हात बरोबर बोंडावर कसा जातो?" त्या म्हणाल्या, "मले पाहा लागत नाई भाऊ, बोटाईले मालूम असते."

या बोटांना आजवर यंत्राने हरवलेलं नाही, याला कारणं आहेत. आपली कपाशी एकदम फुटत नाही, तीन-चार वेचे करावे लागतात. झाड पसरट, फांद्या गुंतलेल्या, शेतं लहान. परदेशात वापरतात तसली वेचणी यंत्रं रान एका फेरीत साफ करतात. त्यासाठी बोंडं एकाच वेळी फुटलेली आणि पानं आधीच गळलेली लागतात. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून कपाशीवर काम करते आहे, आणि यंत्राला सोयीची ठेंगणी, दाट पेरता येणारी कपाशी हा तिथल्या संशोधनाचा एक भाग आहे. झाड यंत्राजोगं करायचं, हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे यंत्रालाच मावशींची बोटं द्यायची.

आता कथा. साल कोणतंही घ्या, विसाव्या शतकातली माणसं म्हातारी झालेली असतील इतकं पुढचं. दिवाळीच्या आधी गावात कंपनीची गाडी येते. गावातल्या सगळ्यात हात चालणाऱ्या सात-आठ बाया निवडल्या जातात. जिल्ह्याच्या गावी नेऊन त्यांच्या कवटीखाली मोटर कॉर्टेक्सवर तलम जाळी पसरवली जाते. दुखत नाही, घाव केसांत लपतो, चार दिवसांत बाई परत रानात. हंगामभर ती नेहमीसारखी वेचते आणि जाळी प्रत्येक बोंडामागचा हुकूम टिपते. बदल्यात दोन वर्षांच्या मजुरीइतकी रक्कम एकरकमी मिळते. करार चाळीस पानांचा, टॅबच्या पडद्यावर. ज्या अंगठ्याला त्या पट्ट्यात इतकी ऐसपैस जागा आहे तोच अंगठा शेवटच्या पानावर उठतो. हंगाम संपल्यावर जाळी काढून घेतात. पुढच्या वर्षी त्याच रानात भाड्याने यंत्रं येतात. त्यांची बोटं बोंडात शिरताना मनगटाला हलकासा पीळ देतात. बांधावर उभी असलेली मुलगी तो पीळ ओळखते, कारण लहानपणापासून आईमागे चालताना तिने तो हजारदा पाहिलेला आहे. बाई साठीला येते, संधिवाताने तिची बोटं वळत नाहीत. तेलंगणात, गुजरातेत, समुद्रापलीकडे मात्र तिची पस्तिशीतली बोटं रात्रंदिवस वेचत राहतात, आणि त्यांच्या मजुरीतला रुपया तिच्या घरी येत नाही.

यात विज्ञान कच्चं आहे असं कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी बरोबर आहे. कसब एकट्या मोटर कॉर्टेक्समध्ये भरून ठेवलेलं नसतं. हालचाल रेखीव करणारा लहान मेंदू आहे, सवयी बसवणारी खोलवरची केंद्रं आहेत, आणि बोटाच्या टोकाकडून परत येणारा स्पर्श आहे. यंत्रहात चालवणाऱ्या एका रुग्णाच्या स्पर्श जाणणाऱ्या भागालाही विजेने चेतवून पाहिलं, तेव्हा वस्तू उचलून ठेवायला त्याला निम्मा वेळ पुरला. हा अभ्यास २०२१ चा आहे. स्पर्शाशिवाय हात आंधळा असतो. म्हणून एका डोक्यातली कला चिमटीत धरून दुसऱ्या डोक्यात ठेवली, असल्या कथा मला पटत नाहीत. लेखकाने एवढा अभ्यास करायलाच हवा. पण खरं विज्ञान घेतलं तर माझी काळजी कमी होत नाही. हुकुमांची नोंद पुरेशी नसेल तर कंपनी स्पर्शाचीही मागेल. एक हंगाम पुरला नाही तर तीन मागेल. बाईच्या शरीराचा अधिक भाग, अधिक काळ करारात जाईल.

आणि मेंदूत बसवायच्या चिपची वाट पाहायचंही कारण नाही. यंत्रमानवांना हाताची कामं शिकवायची म्हणून माणसांच्या डोक्यावर कॅमेरे बांधून त्यांच्या हातांचं चित्रण गोळा करण्याचं काम आपल्या देशात सुरूही झालं आहे. घडी घालणं, भरणं, शिवणं, उचलणं. काम करणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे मिळतात आणि चित्रण दुसऱ्याचं होतं. मेंदूतली नोंद ही याच रस्त्यावरची पुढची पायरी.

याला सरळ आक्षेप असा की मजूर श्रम विकतोच, मग हे विकलं तर बिघडलं काय? फरक आहे. श्रम दिवसापुरता विकला जातो. संध्याकाळी बाई घरी येते तेव्हा तिची बोटं तिच्याबरोबर येतात, उद्या कोणाकडे जायचं, किती किलोने जायचं, हे ती पुन्हा ठरवू शकते. भाव पटला नाही तर गावातल्या बाया मिळून वेचणी अडवू शकतात, आणि अडवतातही. नोंद एकदा गेली की ही ताकद जाते. ती नोंद तिच्याच विरुद्ध, तिच्याच रानात, कमी भावात उभी राहते. मागाने विणकराचं काम घेतलं, जिनिंगच्या यंत्राने हाताने सरकी काढणाऱ्यांचं घेतलं, हे खरं. पण ते यंत्र बनवणाऱ्याने बाहेरून पाहून आपल्या डोक्याने नवी रचना केली होती. इथे रचना बाईच्या मज्जापेशींतून काढलेली आहे, तिच्या वर्षानुवर्षांच्या वेचणीतून त्या पेशींत बसलेली. सरावाने मोटर कॉर्टेक्सची मांडणी बदलते, हे पक्कं माहीत आहे. म्हणजे तिच्या मजुरीनेच हा ऐवज तयार झाला, आणि ती मजुरी देताना कोणी ऐवजाचे पैसे दिलेले नव्हते.

शरीर विकायचं नसतं, हे तत्त्व आपल्या कायद्याला नवं नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मूत्रपिंडाची विक्री गुन्हा ठरवली, कारण गरिबाने राजीखुशीने विकलं असं म्हणण्यात राजीही नसते आणि खुशीही. मेंदूतल्या नोंदीला नेमकं तेच लागू करा असं मी म्हणत नाही, कारण नोंद दिल्याने माणूस अपंग होत नाही आणि उपचारांच्या संशोधनाला अशा नोंदी लागणारच. पण कायमची विक्री आणि ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीचा वापर, या दोन्हींत रेघ मारता येते. पहिलीवर बंदी घालावी. दुसरा चालावा, मात्र मुदत संपली की नोंद पुसली जाईल, यंत्र जितकं काम करील त्या प्रमाणात वाटा मिळत राहील, आणि बाईला मधेच नाही म्हणता येईल.

वाटा देण्याचीही नजीर आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलं की शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणावरून कंपनीने नवं वाण काढलं तर फायद्यातला भाग जपणाऱ्यांना मिळाला पाहिजे, आणि शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा हक्क आहे. कायदा चांगलाच आहे. पण २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत विदर्भाचं रान संकरित बीटी वाणांनी भरून गेलं. संकरित सरकी राखून पुढच्या वर्षी पेरण्यात अर्थ नसतो, दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. बी राखायचा हक्क कागदावर आहे आणि कापूस उत्पादकाच्या कणगीत राखायला बी नाही. म्हणून कायदा तंत्राच्या आधी यावा लागतो, आणि तो बाजारात प्रत्यक्ष काय विकलं जाणार हे ओळखून लिहावा लागतो.

जग अगदीच झोपलेलं नाही. चिलीने २०२१ मध्ये घटनादुरुस्ती करून मेंदूची क्रिया आणि तिच्यातून मिळणारी माहिती यांच्या संरक्षणाची तरतूद केली, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला एका माजी सिनेटरच्या मेंदूची साठवलेली माहिती पुसून टाकायला लावली. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये मज्जासंस्थेची माहिती संवेदनशील ठरवली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मेंदूतल्या संकेतांसाठी वेगळं कलम नाही. संमती घेतली की बहुतेक दारं उघडतात. पण चिलीचा काय, कॅलिफोर्नियाचा काय, सगळा विचार गुप्ततेभोवती फिरतो: माझ्या मनातलं कोणी वाचू नये. राळेगावच्या बाईचा प्रश्न वेगळा आहे. तिच्या मनातलं कोणाला वाचायचं नाही, तिचं काम उचलायचं आहे. हा विचार मजुरांच्या देशातूनच यायला हवा, आणि विदर्भापेक्षा योग्य जागा मला सुचत नाही.

यावरून कोणी मला यंत्रविरोधी समजू नये. मोटर कॉर्टेक्सशी बोलणाऱ्या यंत्राची सगळ्यात जास्त गरज खेड्यालाच आहे. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण निघालं, सातांतला एक मृत्यू त्याने. हा आजार म्हणजे अनेकदा मोटर कॉर्टेक्सला किंवा तिथून उतरणाऱ्या तंतूंना रक्त न पोचणं. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. जंगलातल्या गावाहून तेवढ्या वेळात कोण पोचणार? जे वाचतात त्यांच्या लकव्यावर अजूनही कबुतराचं रक्त चोळलं जातं. चोळणाऱ्यांवर मी रागावत नाही. दवाखान्याने घरी पाठवताना पुढे काय करायचं हे सांगितलेलं नसतं, मग माणूस जे सांगतील ते करतो. खरं तर मेंदूचा उरलेला भाग सरावाने गेलेलं काम बऱ्याच अंशी उचलतो. त्यासाठी लुळ्या हाताकडून तीच हालचाल दिवसातून शेकडो वेळा, महिनोन्‌महिने करून घ्यावी लागते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कायमचा फिजिओथेरपिस्ट असला आणि आशाताईला चार व्यायाम शिकवलेले असले तरी कितीतरी हात परत कामाला लागतील. चिपच्या बातम्या वाचून हरखणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला मी आधी हे पद भरायला सांगीन.

आमच्याकडे मळणी यंत्रात उजवा हात कोपरापासून गेलेला एक गडी आहे. तो सांगतो, नसलेली मूठ अजून वळते, कधी इतकी घट्ट वळते की नखं रुतल्यासारखी दुखतात. लोक त्याला मनाचा खेळ म्हणतात. तसं नाही. हात गेला तरी मोटर कॉर्टेक्समधली त्याची जागा मोडत नाही, हुकूम सुटतच राहतात. त्या हुकुमांना उद्या एखादा यंत्रहात मिळाला तर त्याच्याइतका आनंद कोणाला होईल? विज्ञानकथेने सैनिकाला सोडून याच्याकडे यावं. आणि यंत्रहात मिळाल्यावरची दहा वर्षंही लिहावीत. मेंदूत रुतलेल्या इलेक्ट्रोडभोवती व्रण धरतो, संकेत क्षीण होत जातात. बॅटरी चार्ज करावी लागते, आणि आमच्याकडे शेतीपंपाची वीज अजून बरेचदा रात्रीच येते. यंत्र बनवणारी कंपनी बुडाली तर? असं घडलेलं आहे. जगभरात साडेतीनशेच्या आसपास अंधांच्या डोळ्यांत एका अमेरिकन कंपनीने कृत्रिम दृष्टिपटल बसवलं होतं. कंपनी अडचणीत आली, उत्पादन थांबलं, आणि डोळ्यात यंत्र असलेल्या माणसांना दुरुस्तीसाठी कोणी वाली उरला नाही. तिथे ही गत, तर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या माणसाने कोणाचं दार ठोठवायचं? शरीरात यंत्र बसवणाऱ्याने आजन्म देखभालीचा पैसा आधीच सरकारकडे जमा करावा आणि कंपनी मिटली तर यंत्राचे आराखडे खुले व्हावेत, या दोन अटी घातल्याशिवाय परवानगीच देऊ नये.

राहिली संमती. इथे मला २०१७ चा खरीप आठवतो. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. ज्या प्रकारची कीटकनाशकं तेव्हा चर्चेत आली त्यांतली काही मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरच घाला घालतात: मोटर कॉर्टेक्सचा हुकूम तिथवर नीट येतो आणि तिथे गोंधळ होतो, स्नायू आधी फडफडतात, मग ढिले पडतात, श्वास थांबतो. डब्यावर इशारा छापलेला होता. बारीक अक्षरात, फवारणाऱ्याला न वाचता येणाऱ्या भाषेत. कायद्याच्या हिशेबाने माहिती दिली गेली होती. टॅबवरच्या चाळीस पानांची गत याहून वेगळी होणार नाही.

म्हणून मला संमती एकट्या बाईच्या अंगठ्यावर सोडायची नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने दुसरी रीत दाखवली आहे. तिथे गावाचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांच्या सहमतीने होतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकारांना बोलावतो, महिनोन्‌महिने प्रश्न विचारतो. याच गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्याने आपला बांबू आपण विकला. जंगलाबद्दल जे गाव असं वागू शकतं ते आपल्या बोटांबद्दलही वागू शकतं. मेंदूतल्या नोंदी गोळा करायला कोणी आलं तर त्याने आधी ग्रामसभेत यावं, करार वऱ्हाडीत वाचून दाखवावा, प्रश्नांना उत्तरं द्यावीत. बाईचा शेवटचा हो किंवा नाही तिचाच राहील, पण तो ती सगळं ऐकून, शेजारणींशी बोलून देईल. आपल्या पंचायत कायद्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. बहुतेक गावांत ती कागदावर उरकते. वेचणाऱ्या जवळजवळ सगळ्या बाया असताना हा विषय तिथेच निघाला पाहिजे, आणि स्वयंपाक-पाणी आटोपल्यावर त्या येऊ शकतील अशा वेळी. तारखेचंही पाहावं लागेल. मे आणि जूनमध्ये, बी-खताला पैसा नसताना आणि सावकार दारात असताना, असा कुठलाही करार करायला कायद्याने मनाई असावी. वेचणी संपलेली असते, मजुरीचे दोन पैसे घरात असतात आणि नाही म्हणायची थोडी ऐपत असते, ते दिवस माघ-फाल्गुनाचे.